थंड लागेल, दुखणार नाही

त्या रस्त्यावर सगळे तिला कानवाली म्हणायचे. खाली चष्म्याचं दुकान, बारा पायऱ्या चढून वर गेलं की कानाच्या यंत्रांचं दुकान, आणि तिथल्या आतल्या खोलीत ही. चष्मेवाला आपल्या गिऱ्हाइकांना सांगायचा, डोळे इथे, कान वर, आणि वरच्या बाईंचा हात हलका आहे. हात हलका होताच. यंत्र कितीही भारी असलं तरी ते कानात धड बसायला त्या कानाच्या मापाचा साचा लागतो. माप घ्यायचं म्हणजे आधी दोरा बांधलेला स्पंजाचा छोटा तुकडा आत सरकवायचा, म्हणजे पुढचा माल पडद्यापर्यंत जात नाही. मग एक पांढरा आणि एक गुलाबी असे दोन लगदे भराभर एकत्र मळायचे, बिनसुईच्या जाड सिरिंजमध्ये भरायचे, सिरिंजचं तोंड कानाशी टेकवायचं आणि अंगठ्याने सावकाश दाबत जायचं. दाबताना ती तीन वाक्यं म्हणायची. अकरा वर्षांत त्यांचा क्रम बदलला नव्हता.

"थंड लागेल. दुखणार नाही. हलू नका."

पहिलं वाक्य नेहमी खरं असायचं. दुसरं बहुतेक वेळा. तिसरं कुणीही पाळायचं नाही.

लगदा घट्ट व्हायला पाच मिनिटं लागतात. एका कानात लगदा, दुसऱ्या कानातलं यंत्र काढून बशीत ठेवलेलं, म्हणजे खुर्चीतला माणूस तेवढा वेळ ठार बहिरा. नोकरीच्या पहिल्या वर्षी कानवाली ही पाच मिनिटं घड्याळाकडे बघत काढायची. दुसऱ्या वर्षी ती पुटपुटायला लागली. आधी आपलं वरवरचं, जिना निसरडा झालाय, दुकानाचे साहेब चहाचा कप मापांच्या डब्यांवर ठेवतात, असलं. लग्नानंतर सासरचं. मग माहेरचं. मग जे कुठल्याच घरी सांगता येत नाही ते. इतके चांगले श्रोते तिला दुसरीकडे मिळाले नसते. मध्ये तोंड घालत नाहीत, उपाय सुचवत नाहीत, आणि उठताना वर आभार मानतात. तिची सगळी कर्मकहाणी शहरातल्या बहिऱ्या माणसांना सांगून झाली होती, आणि तरी ती एकालाही माहीत नव्हती.

तिच्या टेबलाला एक खण होता, त्यात ती दुकानाच्या नियमाविरुद्ध एक गोष्ट जपून ठेवायची. लहान मुलांचे कान वाढतात, त्यामुळे त्यांचे साचे दर काही महिन्यांनी नवे करावे लागतात आणि जुने टाकून द्यायचे असतात. एका मुलीचे साचे तिने टाकलेच नव्हते. आठ महिन्यांची असतानाचा वाटाण्याएवढा, त्यापुढे शेंगदाण्याएवढा, असे वाढत वाढत सात वर्षांपर्यंतचे चौदा. काम नसलं की ती ते टेबलावर ओळीने मांडायची आणि साहेबांची चाहूल लागली की खणात लोटायची. मूल हवंय का, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिने हा खण उघडून दाखवला असता. पण लोक तसं विचारत नव्हते. लोक विचारायचे, कधी.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, मुलांनी एकमेकांवर आम्ल उडवू नये म्हणून मध्ये उभं राहायचं, ही त्याची नोकरी. स्वभावाने इतका मवाळ, की स्वयंपाकघरात पाल दिसली तर आधी खिडकी उघडून तिला वाट मोकळी करून द्यायचा आणि ती जाईपर्यंत बाहेरच्या खोलीत जेवायचा. दोघांचं छान चालायचं. फक्त एक गोष्ट चालत नव्हती. नवरा जवळ आला की कानवालीला तो आवडायचा, मनापासून आवडायचा, आणि नेमकं त्याच वेळी तिचं अंग आतून दार लावून घ्यायचं. कडी, कोयंडा, वर अडसर. मग ती नवऱ्याच्या शेजारी दाराबाहेर उभी राहून स्वतःच्याच अंगाच्या विनवण्या करायची. नवरा म्हणायचा, असू दे गं, घाई कुठे आहे. सहा वर्षं तो घाई कुठे आहे असंच म्हणत होता.

घाई बाकी सगळ्यांना होती. सासू फोनवर 'बाकी काय विशेष' असं विचारायची आणि 'विशेष' या शब्दानंतर इतका वेळ गप्प राहायची की लाइन कट झाली की काय असं वाटावं. नणंदेने कुठल्या कुशीवर झोपावं याचा कागद पाठवला होता. चष्मेवाल्याच्या बायकोने एक पूड दिली होती, ती उपाशीपोटी घ्यायची होती. उपाय भरपूर होते. जो अडथळा होता त्यावर मात्र एकही नव्हता, कारण तो कुणाला सांगितलेलाच नव्हता.

दाराला कडी कोणी लावली याचा शोध घ्यायला लांब जावं लागत नव्हतं. आई. दर वाढदिवसाला सकाळी आईचा फोन यायचा. शुभेच्छा एका वाक्यात उरकायच्या आणि मग सुरू, 'तुझ्या वेळी'. कानवाली आठ वर्षांची होती तेव्हा तिच्या वेळी आई अठरा तास अडली होती. ती कॉलेजात गेली तोवर अठराचे सव्वीस झाले. लग्न झालं त्या वर्षी छत्तीस. मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले, नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या मावशीला विचारलं गेलं, दोघींपैकी कुणाला वाचवायचं. या शेवटच्या प्रश्नावर आई थांबायची आणि लेकीला म्हणायची, बघ, आणि तरी तू आलीस. आई हे सगळं मायेनेच सांगायची. कानवाली फोनच्या या टोकाला मांड्या घट्ट मिटून 'हो ना' म्हणायची.

शेवटी दोघं एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आश्चर्य वाटल्याचं दाखवलं नाही. उलट म्हणाल्या की अशा बायका महिन्याला दोन-तीन तरी येतात, याला नाव आहे, उपाय आहे, व्यायाम आहेत, बोलायला माणसं आहेत, पण वेळ लागतो. आणि मूल हवं असेल तर त्यासाठी हे सगळं आधी सुटायलाच हवं असं काही नाही. दोघांच्या रक्ताच्या तपासण्या करून घ्या, दिवस मोजा, आणि मी दाखवते तसं घरच्या घरी करून बघता येईल. मग त्यांनी खणातून पाकीट काढलं, फोडलं आणि टेबलावर एक सिरिंज ठेवली. ही अशी, सुई नाही, नवऱ्याचं वीर्य यातून आत सोडायचं, दर वेळी नवी कोरी घ्यायची, आणि यात घाबरण्यासारखं काही नाही.

कानवाली हसायला लागली. आधी बारीक, मग इतकी की नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टरीणबाईंना वाटलं ती रडतेय, त्यांनी रुमालांचा डबा पुढे केला. दिवसाला आठ-दहा वेळा ती हेच हत्यार लोकांच्या कानाला लावत होती. दैवाला दुसरं काही सुचलं नाही का, एवढंच तिच्या मनात आलं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्यानंतरच्या नऊ महिन्यांचं काय, त्याची धास्ती आहे का. कानवाली म्हणाली, ते पुढचं पुढे. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे नीट बघितलं. पण तेवढ्यात नवऱ्याने वही उघडून विचारलं की नमुना किती अंश तापमानाला ठेवायचा, आणि तो विषय तिथेच राहिला.

पुढचे पंधरा दिवस नवऱ्याने त्या घराची प्रयोगशाळा करून टाकली. तपासण्यांचे कागद चांगले आले, ते त्याने फाइलीत लावले. कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा केल्या. एका स्टीलच्या ताटात स्वच्छ पंचा अंथरून त्यावर झाकणाची बाटली, दोन सिरिंजा आणि घड्याळ मांडलं, आणि सवयीने प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. घड्याळावरही 'घड्याळ' अशी चिठ्ठी होती. पाणी घेऊन त्याने तालीम केली. सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला की कानवाली स्वयंपाकघरातून सांगायची, तोंड वर कर, टिचकी मार, मग हळू दाब. शिकवताना तिला मजा वाटायची. दिवस मोजले तेव्हा नेमका शनिवार आला, त्याची अर्धी शाळा. तिने अर्धी रजा टाकली. तो म्हणाला, मग शनिवारी. ती म्हणाली, हो. आणि हो म्हणून धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

याच पंधरा दिवसांत ती म्हातारी दुकानात आली होती. कापडाच्या गिरणीत एकतीस वर्षं मागावर काम केलेली, ताठ बसणारी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली. यंत्र शिट्टी मारतंय, नवा साचा हवा, असं तिने खालच्या आवाजात सांगितलं. कानवालीने माप घेतलं, आणि पाच मिनिटांत हात पुसत पुसत डॉक्टरीणबाई आणि सिरिंजेची हकिगत सांगून मोकळी झाली. आठवड्याने साचा तयार होऊन आला, बसवला, अगदी चपखल. दोन दिवसांनी म्हातारी परत हजर. टोचतं म्हणाली.

कानवालीच्या हातचा साचा सहसा परत येत नसे. तिने कान बघितला, लाली नाही, ओरखडा नाही. तरी मुकाट्याने दुसऱ्यांदा माप घेतलं, आणि त्या पाच मिनिटांत ताट, पंचा आणि घड्याळावरची चिठ्ठी सांगितली. म्हाताऱ्या बाईचे खांदे हलत होते. हलू नका, असं कानवालीने हाताने खुणावलं. नवा साचा तातडीने करून आणवला, बसवला, तरी त्या मापानंतर चार दिवसांनी, गुरुवारी, म्हातारी पुन्हा आली. आता म्हणे ढिला होतो. साहेबांनी आतल्या खोलीत डोकावून भुवया वर केल्या.

तिसऱ्यांदा स्पंज, तिसऱ्यांदा लगदा. थंड लागेल, दुखणार नाही, हलू नका. म्हातारीच्या मागे उभं राहून कानवालीने एका हाताने तिची हनुवटी स्थिर धरली, आणि मग जे आजवर कुठल्याच कानाला सांगितलं नव्हतं ते तिच्या तोंडून बाहेर पडायला लागलं.

"परवा शनिवार. मी हो म्हणून बसलेय. दार बंद आहे म्हणून मी सहा वर्षं रडले, आजी, पण मला आतून बरंच वाटत होतं. दार बंद होतं तोवर पलीकडे काय आहे ते बघावं लागत नव्हतं. आता त्याने दाराशेजारी खिडकी काढलीय. त्याला वाटतं, मला त्या दाराचीच भीती होती. मला मूल हवंय. इतकं हवंय की दुसऱ्याच्या मुलीचे साचे मी चोरून ठेवते. फक्त ते यायचा रस्ता माझ्यातून जातो, तेवढं नकोय. पोट वाढताना मला बघायचं नाहीये. मला त्या टेबलावर झोपायचं नाहीये. छत्तीस तास कशाला, मी छत्तीस मिनिटं नाही टिकणार. आणि त्याने घड्याळाला चिठ्ठी लावलीय हो, त्याला कोणत्या तोंडाने सांगू?"

पाच मिनिटं झाली. तिने डोळे पुसले, माप अलगद ओढून काढलं, दोऱ्यासकट आलं, सुरेख आलं. तिने म्हातारीच्या दुसऱ्या कानात यंत्र बसवून दिलं. म्हातारी उठली नाही.

"शनिवारचं 'हो' तू त्याला सांगतेस आणि 'नाही' मला," ती म्हणाली. "मी काय करू त्याचं?"

माप कानवालीच्या हातून खाली पडलं.

"तुम्हाला ऐकू येत होतं?"

"ऐकू आलं असतं तर इथे कशाला आले असते?" म्हातारीने समोर बोट दाखवलं. "आरसा आहे ना."

खुर्चीसमोर भिंतीवर आरसा होता. यंत्र केसांखाली दिसतं की नाही, हे गिऱ्हाइकांना बघता यावं म्हणून साहेबांनी तो लावला होता. अकरा वर्षं कानवाली रोज त्याची काच पुसत होती. त्यात आपण उभ्या दिसतो, हे तिला ठाऊक होतं. आपण बोलताना दिसतो, हे कधी लक्षात आलं नव्हतं.

म्हातारीने मग सांगितलं ते असं. मागांच्या खात्यात इतका गोंगाट, की शेजारी उभी असलेली बाई किंचाळली तरी कळायचं नाही. म्हणून तिथल्या बायका आवाजच लावायच्या नाहीत, नुसत्या ओठांनी बोलायच्या. मुकादमाच्या पाठीमागे त्याच्या नकला व्हायच्या, सोयरिकी जुळायच्या, मोडायच्या. चार मागांपलीकडची भांडणं तिला स्वच्छ दिसायची. कान गेले ते गिरणीतच, पण तोवर त्यांची गरज उरली नव्हती.

"आणि साचा?" कानवालीने विचारलं.

"साचा पहिल्याच वेळी झकास बसला होता. पण तू गोष्ट अर्धवट सोडलीस."

खरं म्हणजे कानवालीला संताप यायला हवा होता, लाज वाटायला हवी होती. ती दोन्ही रांगेत उभी होती. पण आधी तिच्या तोंडून निघालं, "म्हणजे माझं काम नीट होतं."

"काम नीटच आहे तुझं." म्हातारी आता खुर्चीत वळून बसली. "हे बघ पोरी, मला चार झाली. चारही वेळा मला वाटलं, मी मरणार. एकदाही मेले नाही. पण म्हणून पुढच्या वेळची भीती काही कमी झाली नाही. तिसऱ्या वेळी तर कपड्यांचं गाठोडं घेऊन पळून निघाले होते, बसथांब्यापर्यंत पोचले. बस आली नाही."

"मग?"

"मग काय. परत येऊन कपडे घडी करून ठेवले. आज पहिल्यांदा सांगतेय कुणाला." तिने अंबाडा सारखा केला. "मला कुणी विचारलं नव्हतं, तुला हवंय का म्हणून. तुला निदान विचारणारा आहे. तर उत्तर त्यालाच दे. बहिऱ्यांना देत बसू नकोस."

शुक्रवारी संध्याकाळी साहेब लवकर निघून गेले. नवरा तिला घ्यायला आला तो बारा पायऱ्या दोन-दोन चढून. हातात पिशवी, पिशवीत शाळेचं धावशर्यतीचं घड्याळ. सेकंदकाटा जास्त बरोबर आहे म्हणाला. मुख्याध्यापकांना काय सांगितलंस, असं तिने विचारलं, तर म्हणाला, सांगितलं की घरी एक प्रयोग आहे.

कानवालीने रात्रभर वाक्यं जुळवली होती, दिवसभर ती पाठ केली होती. आता एकही आठवेना. तिला एकच रीत येत होती.

"खुर्चीत बस," ती म्हणाली. "माप घ्यायचंय."

"माझं? मला तर ऐकू येतं."

"तेच तर."

तो आज्ञाधारकपणे बसला. तिने दोन्ही कानांत स्पंज सरकवले, लगदा मळला. थंड लागेल, दुखणार नाही, हलू नकोस. दोन्ही कान भरले. मग त्याच्या मागे उभी राहून ती बोलायला लागली, दार, खिडकी, टेबल, छत्तीस तास, सगळं. म्हातारीचा सल्ला अर्धाच पाळला जात होता हे तिला कळत होतं, पण अर्धा तर अर्धा. आरशात नवरा तिच्याकडे बघत होता. ओठांवरचं वाचणं त्याला येत नव्हतं, पण बायकोचा चेहरा वाचायला गिरणीत नोकरी करावी लागत नाही. दीड मिनिट त्याने कळ काढली. मग तो बोलला. कान बंद असलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे तो वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलला.

"तू काय म्हणतेयस ते कळत नाहीये. पण घाबरलीयेस. मी पण."

तिने ओठांवर बोट ठेवलं. त्याचा अर्थ त्याने वेगळा घेतला असावा, कारण तो आणखी जोरात सांगायला लागला. "नऊ वेळा पाणी भरून बघितलं. नऊही वेळा पाणी ताटात सांडलं. तुझी आई फोनवर एवढ्या मोठ्याने सांगते ना, दोघींपैकी कुणाला वाचवायचं, तेव्हा मी शेजारच्या खोलीत असतो. मला सगळं ऐकू येतं. त्या बाकावर मी बसलेलो असतो, असं मला स्वप्न पडतं. मूल हवंय मला. पण तू नसलीस तर त्या घरात मी काय करू? तुला हवंय म्हणून मी घाई केली. नाहीतर घाई कुठे होती?"

खालून चष्मेवाल्याचा आवाज आला, वर सगळं ठीक आहे ना. कानवालीने जिन्यात तोंड काढून सांगितलं, ठीक आहे, माप चाललंय.

मापं काढली तेव्हा दोन्ही बिघडलेली निघाली. बोलताना जबडा हलतो आणि लगद्यावर सुरकुत्या पडतात. अशी मापं ती बघताक्षणी कचऱ्यात टाकायची. ही तिने खणात ठेवली, चौदा साच्यांच्या शेजारी.

"मोठ्याने बोललो का मी?" नवऱ्याने कुजबुजत विचारलं.

"चष्म्याच्या दुकानापर्यंत."

"आणि तू काय सांगत होतीस?"

मग तिला सगळं पुन्हा सांगावं लागलं, या वेळी उघड्या कानांना. पाच मिनिटांत आटोपलं नाही. मधे मधे तो प्रश्न विचारत होता. धावशर्यतीचं घड्याळ पिशवीत चालूच राहिलं होतं. नंतर बघितलं तर त्यावर एक तास अकरा मिनिटं झाली होती.

शनिवारी ताट कपाटावर गेलं आणि ती दोघं डॉक्टरीणबाईंकडे. नवऱ्याने भीतीची यादी आणली होती. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण अशा चार रकान्यांत लिहिलेली, आणि निष्कर्षाची जागा कोरी. बाईंनी ती शेवटपर्यंत वाचली, हसल्या नाहीत, आणि म्हणाल्या, मागच्या वेळी मी हेच विचारत होते. त्यानंतर जादू अशी काही झाली नाही. बोलायला एक शांत बाई होत्या, त्यांच्याकडे दर मंगळवारी जायचं ठरलं. एका दुपारी कानवाली बाळंतिणींचा विभाग आतून बघून आली, तिथे तिला सगळ्यात जास्त घोरणं ऐकू आलं. दुखणं कमी करायचे उपाय असतात, ते आधी ठरवता येतात, नको त्याला नको म्हणता येतं, हे तिला पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. आईच्या गोष्टीत असलं काही नव्हतं. दाराची कडी थोडी सैल झाली, अडसर तसाच.

मधे वाढदिवस आला. फोन आला. छत्तीसचे अडतीस झाले होते. या वेळी कानवालीने विचारलं, "आई, खरे किती गं?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग आई म्हणाली, "सकाळी गेले आणि संध्याकाळच्या चहाला तू होतीस. पण मला ते तेवढेच वाटले गं. कुणी विचारलंच नाही ना कसं झालं म्हणून. मग मी तास सांगत राहिले." आणि घाईने फोन ठेवून दिला.

चार महिन्यांनी म्हातारी परत आली. साचा ढिला झालाय, असं तिने बाहेर साहेबांना सांगितलं, साहेबांनी कपाळावर हात मारून तिला आत पाठवलं. कानवालीने तिला खुर्चीत बसवलं, दोन्ही यंत्रं काढून बशीत ठेवली, लगद्याच्या डब्यांना हात लावला नाही. खुर्ची आरशाकडून वळवून तिने स्वतःच्या समोर घेतली, दार लोटलं, आणि नुसते ओठ हलवून, अजिबात आवाज न करता सांगितलं.

"या शनिवारी. तारीख मी काढली, त्याने नाही. भीती आहे तेवढीच आहे."

म्हातारीने ओठांवरची नजर काढून तिच्या डोळ्यांकडे बघितलं. मान हलवली. मग तिनेही आवाज लावला नाही, गिरणीतल्यासारखे ओठ स्पष्ट, मोठे करून म्हणाली,

"थंड लागेल. हलू नकोस."

मधलं वाक्य तिने गाळलं होतं. कानवालीच्या ते लक्षात आलं, आणि म्हणूनच तिने विश्वास ठेवला.